प्रोसेसरला वारा घालायचा की पाणी पाजायचं?

नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एका संध्याकाळी ठरतं, आणि मग माणूस चार दिवस कूलरवर अडकतो. एकीकडे पातळ पत्र्यांचा, तांब्याच्या नळ्या बाहेर आलेला ओबडधोबड ठोकळा. दुसरीकडे काळ्या नळ्या, कॅबिनेटच्या छताला लावलेला लांब रेडिएटर आणि प्रोसेसरवर चमकणारी गोल डबी. फोटो बघून ठरवायचं तर प्रश्नच मिटला. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं वापरलेत आणि त्यातल्या एकाने मला ऐन कामात दगा दिलाय, म्हणून फोटो बाजूला ठेवून बोलतो.

दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे पंखे

‘एअर’ आणि ‘लिक्विड’ ही नावंच मुळात फसवी आहेत. एअर कूलरच्या त्या तांब्याच्या नळ्या म्हणजे हीट पाइप. त्या आतून पोकळ असतात, हवा काढून घेतलेली असते आणि थोडंसं पाणी भरून तोंड बंद केलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती पत्र्यांकडे धावते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली परततं. पंप नाही, मोटर नाही. दिव्याची वात तेल ओढते तसा सगळा प्रकार.

लिक्विड कूलरमध्ये तेच काम पंप करतो, बहुतेकदा प्रोसेसरवरच्या त्या गोल डबीतला. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पट्टीवरून पाणी आणि ग्लायकोलसारख्या द्रवाचं मिश्रण फिरतं, रेडिएटरपर्यंत जातं, आणि तिथे शेवटी पंखेच उष्णता हवेत टाकतात. म्हणजे दोघांचंही दार एकच: खोलीतली हवा. खोली ३२ अंशांवर असेल तर दोन्हींपैकी कुठलाही कूलर प्रोसेसरला ३१ वर आणणार नाही.

मग पाण्याचा फायदा काय? तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता धरतं, हे खरं. पण घरच्या कॉम्प्युटरमध्ये खरा फायदा जागेचा आहे. एअर कूलरचे पत्रे प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवावे लागतात, त्यामुळे त्यांच्या आकाराला मर्यादा येते. पाणी मात्र नळीतून नेता येतं, त्यामुळे पत्रे कॅबिनेटच्या भिंतीला लावता येतात. ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरवर १२० चे तीन पंखे बसतात. तेवढा ऐवज प्रोसेसरवर उभा करायचा म्हटलं तर कॅबिनेटचं झाकण लागणार नाही.

आकडा वॅटचा बघा

निर्णय इथे होतो, बाकी सगळं नंतर. तुमचा प्रोसेसर किती वॅट खातो आणि किती वेळ खातो?

बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो अर्धीच गोष्ट सांगतो. इंटेलच्या आय-५ १३४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लावला की त्याची अधिकृत मर्यादा १४८ आहे. आय-९ १४९००के वर १२५, आणि वरची मर्यादा २५३. मदरबोर्डने मोकळं सोडलं तर तो त्याच्याही पुढे जातो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी चं उलटं आहे. त्याच्यावर १२० लिहिलंय, पण गेम खेळताना तो बहुतेक वेळ त्याच्या बराच खाली असतो. इतक्या नावाजलेल्या गेमिंग प्रोसेसरवर लोक हौसेने ३६० चा रेडिएटर चढवतात तेव्हा मला मुंगी मारायला तोफ आणल्यासारखं वाटतं.

रायझन ९ ७९५०एक्स ची गोष्ट वेगळी, आणि इथे खूप जण घाबरतात. तो पूर्ण ताकदीने चालवला की २३० वॅटपर्यंत घेतो आणि ९५ अंशांना जाऊन थांबतो. चांगला कूलर लावा, ९५. त्याहून चांगला लावा, तरी ९५. कारण तो तसाच बनवलेला आहे: तापमानात जागा उरली की तो वेग वाढवून ती भरून काढतो. चांगल्या कूलरचा फायदा तापमानात न दिसता वेगात थोडासा दिसतो. शिवाय त्याच्या गणना करणाऱ्या दोन चिपा प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे नखाएवढ्या. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढून धातूच्या झाकणापर्यंत आणणं हीच अडचण आहे, आणि तिच्यावर तीन पंख्यांचा रेडिएटरही फारसा उपाय करू शकत नाही.

आता ‘किती वेळ’. गेममध्ये मुख्य घाम ग्राफिक्स कार्ड गाळतं, प्रोसेसर मध्यम तापतो. व्हिडिओ रेंडर करणं, थ्रीडी, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं, यात मात्र सगळे कोर, म्हणजे प्रोसेसरचे गणना करणारे भाग, तासन् तास पेटलेले असतात. २०० वॅटच्या वर अर्धा-एक तास, तेही रोज, असं तुमचं काम असेल तर लिक्विडला खरोखर अर्थ आहे. त्याच्या खाली सहा हीट पाइप आणि दोन पंख्यांचा दुहेरी टॉवर, म्हणजे पत्र्यांचे दोन उभे ठोकळे असलेला एअर कूलर, निवांत पुरतो.

२००४ साली ॲपलने पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं होतं. २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर घालून मॅक प्रो आला आणि तो पुन्हा हवेवर गेला. प्रोसेसर बदलला तसा कूलरही बदलला, त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता.

कसोटी घेताना एक काळजी घ्या. लिक्विड कूलर पहिली दहा मिनिटं फार गुणी वागतो, कारण नळ्यांतलं पाणीच उष्णता पीत असतं. पाणी तापून स्थिरावलं की खरा आकडा दिसतो. पाच मिनिटांच्या चाचणीचे तक्ते बघून हुरळून जाऊ नका. अर्धा तास चालवा, मग बोला.

कानाला काय ऐकू येतं

हाच गुण आवाजात मात्र कामी येतो. एअर कूलरवर ब्राउझर उघडला की प्रोसेसर दोन सेकंद उसळतो, पंखाही लगेच ‘व्हूऽऽ’ करतो आणि पुन्हा बसतो. दिवसभर हे चाललं की डोकं उठतं. लिक्विडमध्ये अशा छोट्या उसळ्या पाणी पोटात घालतं आणि पंखे एका लयीत राहतात. एअर कूलरवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही: बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते. तिथे पाच-सात सेकंद दिले की निम्मा त्रास संपतो. ही सेटिंग न बघता कूलर विकून टाकलेले लोक मला माहीत आहेत.

उलट, रात्री दोन वाजता, कॉम्प्युटर रिकामा असताना, एअर कूलरचा पंखा इतका हळू फिरवता येतो की तो आहे हेच विसरायला होतं. पंप असा विसरता येत नाही. तो मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरतच असतो, आणि त्याची बारीक शीळ काहींच्या कानाला अजिबात जाणवत नाही, काहींना झोपू देत नाही. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर हे वापरायला घेतल्यावरच कळतं, हीच पंचाईत.

पंख्यांचा ढोबळ हिशोब असा: वेग दुप्पट केला की आवाज १५ डेसिबलच्या आसपास चढतो. त्यामुळे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही बरं. १२० च्या एकाच रेडिएटरचे लिक्विड कूलर म्हणूनच मला पटत नाहीत. पैसे लिक्विडचे, आवाज आणि काम साध्या टॉवरचं.

बिघडलं तर

माझा लिक्विड कूलर चौथ्या वर्षी बोलायला लागला. सकाळी बटण दाबलं की नळाला पाणी येण्याआधी जसा नळ गुरगुरतो, तसा पहिली दोन मिनिटं आवाज यायचा. मी दुर्लक्ष केलं. चूक माझीच होती: रेडिएटर मी कॅबिनेटच्या तळाला बसवला होता, म्हणजे सगळ्यात उंच जागी पंप. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडून जातं, त्या जागी हवा जमते, आणि हवा नेहमी सगळ्यात वरच्या जागी जाऊन बसते. माझ्याकडे ती पंपात जाऊन बसली. एके दिवशी काम करता करता स्क्रीन गोठली, तापमान १०० वर गेलं आणि कॉम्प्युटर आपणहून बंद पडला. प्रोसेसरला काही झालं नाही, तो स्वतःला वाचवतो. पण कूलर सीलबंद. ना पाणी भरता येतं, ना पंप बदलता येतो. अख्खा उचलून टाकावा लागला.

म्हणून रेडिएटर छताला लावावा. समोर लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं.

त्याआधीच्या माझ्या टॉवर कूलरचा पंखाही एकदा खडखडायला लागला होता. तारेच्या दोन क्लिपा काढल्या, नवा पंखा अडकवला, पाच मिनिटांत विषय संपला. पत्र्याचा ठोकळा अजून तसाच आहे आणि त्याला बिघडायला काही नाहीच. चांगल्या कंपन्या दोन्ही प्रकारांवर पाच-सहा वर्षांची हमी देतात, पण हमी संपल्यावरची गोष्ट ही अशी. गळतीची भीती मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त बाळगतात. गळती क्वचितच होते. झाली तर पाणी थेट खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडतं, तेव्हा हमीच्या अटींत इतर भागांचं नुकसान धरलंय का, तेवढं एकदा वाचा.

वेगळा पंप, टाकी, नळ्या आणून स्वतः जोडायचा प्रकार मी इथे धरलेला नाही. तो छंद आहे, मत्स्यपालनासारखा.

कॅबिनेट मोजून घ्या

नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसकट १.३ किलोचा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरच्या उंचीची मर्यादा दिलेली असते, ती आधी बघा. मग रॅम बघा: डी१५ च्या पुढच्या पंख्याखाली ३२ मिलिमीटरच जागा असते. दिव्यांची उंच रॅम घेतली असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग कॅबिनेटचं काचेचं दार अडतं. रेडिएटरलाही मोजमाप हवंच: साधारण २७ मिलिमीटर तो आणि २५ मिलिमीटर पंखा, म्हणजे छत आणि मदरबोर्डच्या वरच्या कडेत ५२ मिलिमीटर मोकळे पाहिजेत.

कॉम्प्युटर वारंवार उचलून नेत असाल तर लिक्विड बरा. उभ्या मदरबोर्डला सव्वा किलोचा ठोकळा लटकवून गाडीतून प्रवास करणं धोक्याचं, तो आधी उतरवून ठेवावा लागतो.

आणि कुठलाही कूलर बदलण्याआधी हा फुकटचा प्रयोग करा: कॅबिनेटचं बाजूचं दार काढा आणि तेच काम पुन्हा चालवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर दोष कूलरचा नाही, आत ताजी हवाच येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ग्राफिक्स कार्ड आत ३०० वॅटची गरम हवा सोडत असताना एअर कूलर तीच हवा ओढतो, आणि छतावरचा रेडिएटरही तीच. समोर एक-दोन पंखे वाढवणं कूलरपेक्षा स्वस्त पडतं.

मग घ्यायचं काय

गेम, अभ्यास, ऑफिसचं काम, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग: दुहेरी टॉवरचा एअर कूलर. लिक्विडच्या निम्म्याहून कमी पैशात येतो, उरलेले ग्राफिक्स कार्डात घाला. आय-९ किंवा १६ कोरचा रायझन आणि रोज लांबलचक रेंडर: ३६० चा लिक्विड, छताला लावून. कॅबिनेट बुटकं असून १५५ मिलिमीटरही मावत नसेल तर २४० चा लिक्विड, किंवा बुटका एअर कूलर आणि बायोसमध्ये प्रोसेसरला ६५ वॅटची वेसण. एएमडीच्या बोर्डांवर तिला इको मोड म्हणतात. गेममध्ये फरक शोधावा लागेल इतका कमी पडतो. नुसतं दिसायला छान म्हणून लिक्विड घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त तो थंड राहतो म्हणून घेतला असं सांगत फिरू नका.

बसवताना कूलरच्या तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढा. माझ्या एका मित्राने सहा महिने प्रोसेसर तापतो म्हणून तीनदा पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायचा उष्णतावाहक लेप) बदलली. चौथ्यांदा मी कूलर उलटा करून नख घातलं, तेव्हा तो कागद ‘चर्र’ करून निघाला. त्यावर अजून लिहिलेलं होतं: बसवण्यापूर्वी काढा.