दांडिया बाजारातला इंग्रजीच्या इतिहासाचा वर्ग: शिकवण्या घेणाऱ्यांनी चुकवू नये

दर हिवाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या बाजूला, एका जुन्या घराच्या माडीवर एक वर्ग भरतो. पाटी नाही, जाहिरात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो तेवढाच. विषय इंग्रजी भाषेचा इतिहास आणि भाषाविज्ञानाची तोंडओळख, आणि शिकवतात मराठीतून. आठ रविवार, सकाळी नऊ ते साडेअकरा, फी दोन हजार. सर कॉलेजातून निवृत्त झालेत. आपलं नाव कुठे लिहू नका असं ते स्वतःच सांगतात, म्हणून लिहीत नाही. फाडफाड इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर इथे पैसे घालवू नका, तो हा वर्गच नव्हे. पण तुम्ही मुलांना इंग्रजी शिकवत असाल, घरी किंवा शाळेत, तर बडोद्यात याहून उपयोगी काही मला माहीत नाही.

मी घरी शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी. गुजराती मुलं, मराठी मुलं, थोडी सिंधी. सगळ्यांचे प्रश्न एकाच जातीचे. गुडघ्याला ‘नी’ म्हणायचं तर पुढे के कशाला लिहायचा? फूटचं अनेकवचन फीट, मग बुकचं बीक का नाही? या प्रश्नांना वर्षानुवर्षं एकच उत्तर दिलं जातं: इंग्रजीत असंच असतं, पाठ करा. माझ्या मते या उत्तराने मुलाचं इंग्रजीचं जेवढं नुकसान होतं तेवढं वाईट पुस्तकानेही होत नाही. प्रश्न बरोबर होता, आणि त्याला कळलं की प्रश्न विचारायचे नसतात.

पहिल्या रविवारी सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे संस्कृत, उजवीकडे इंग्रजी. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, त्रि आणि थ्री, दश आणि टेन, द्वि आणि टू, जानु आणि नी, ज्ञा आणि नो, म्हणजे जाणणे या अर्थाचा नो. मग म्हणाले, शब्दांकडे बघू नका, पहिल्या अक्षरांकडे बघा. डावीकडे प असेल तिथे उजवीकडे फ, त तिथे थ, द तिथे ट. एकदा नाही, दर वेळी. मागून एक काका म्हणाले, “म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली की, सर!” वर्गात माना डोलल्या. सरांनी फार शांतपणे त्यांना थांबवलं. मुलगी नव्हे, म्हणाले, लांबची बहीण. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने होण्यासारखं नाही, तिघी कुठल्या तरी एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ आज कदाचित शिल्लकही नसेल. अक्षरांच्या अदलाबदलीचा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिमने नीट मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला हा थोरला. काकांना ते पटलं की नाही सांगता येत नाही, पण पुढचा एकही रविवार त्यांनी बुडवला नाही.

आता तो के. मूळ भाषेतला ग संस्कृतात इथे ज झाला, म्हणून जानु. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या भाषांत, त्याच ग चा क झाला, म्हणून जुन्या इंग्रजीत गुडघ्याला क्नेओ म्हणत, आणि क स्वच्छ ऐकू येई. जर्मन माणूस आजही क्नी म्हणतो. इंग्रजांच्या तोंडातून तो क सतराव्या शतकाच्या अखेरीपासून गळत गेला. लिहिण्यात तेवढा राहिला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांना जो के निरुपयोगी वाटतो, तो ‘जानु’तल्या ज चा सख्खा भाऊबंद आहे. ‘नो’मधला के म्हणजे ‘ज्ञा’मधला ज.

इथे सरांनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी ज्ञान हा शब्द फळ्यावर लिहिला आणि एकेकाला वाचायला लावला. आम्ही मराठी माणसं म्हणालो द्न्यान. वर्गात दोन गुजराती शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या ग्नान. एक जण बरीच वर्षं इंदूरला राहून आलेला, तो म्हणाला ग्यान. अक्षर एकच, तोंडं तीन, आणि प्राचीन उच्चार यांतला एकही नाही. तो ज आणि ञ यांचा जोड होता. लिहिलेलं थांबतं, बोललेलं चालत राहतं. इंग्रजी स्पेलिंगला आपण वेडंवाकडं म्हणतो तेव्हा हे विसरतो की ऋ, ष आणि ज्ञ आपणही लिहितो एक आणि म्हणतो दुसरं. सोमवारी मी हाच खेळ सातवीच्या मुलांना दिला. मराठी आणि गुजराती पोरं एकमेकांची अक्षरं तपासत बसली, आणि त्यानंतर नाइटमधल्या जीएचबद्दल कुणी तक्रार केली नाही. उलट तो पूर्वी कसा म्हणत असतील हे विचारायला लागली. घशातून, ख आणि ह यांच्यामधला आवाज काढून, आणि शेवटी ट. आपलं नक्त, म्हणजे रात्र, तिथेच जवळ आहे.

फूट आणि फीटचा उलगडा तिसऱ्या रविवारी झाला, आणि तो मला सगळ्यांत आवडला. फार पूर्वी या शब्दाच्या अनेकवचनाला एक प्रत्यय लागे, त्यात इ होता. पुढे इ येणार म्हणून जीभ आधीपासूनच पुढे सरकू लागली आणि मधल्या ओ चा ए झाला. मग प्रत्यय झडून गेला, बदललेला स्वर राहिला. फोट आणि फेट, त्यांचेच पुढे फूट आणि फीट झाले. टूथ–टीथ, गूस–गीस, माउस–माइस ही सगळी मंडळी त्याच वाटेने आली. आणि बुक? जुन्या इंग्रजीत त्याचंही अनेकवचन बेच असं होतं! लोकांनी पुढे ते सोडून सरळ एस लावायला सुरुवात केली. म्हणजे बीक का नाही असं विचारणारा मुलगा हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांना अगदी शहाणा वाटला असता. आपल्याकडेही बहीणचं बहिणी होताना ई आखूड होतो. कारण वेगळं आहे, हे सरांनी लगेच बजावलं, पण प्रत्यय लागला की आतला स्वर हलू शकतो ही गोष्ट मराठी मुलाला परकी वाटायचं काही कारण नाही. लिंगांचंही तसंच. जुन्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगं होती आणि बाईसाठीचा वीफ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी होता. ‘ते मूल’ म्हणणाऱ्यांना यात नवल नाही.

ध्वनींचा तास मी इतर कुणाकडून इतका छान ऐकलेला नाही. सरांनी कुठलाही परदेशी तक्ता काढला नाही, आपली वर्णमाला घेतली. क च ट त प, घशापासून ओठांपर्यंत, जीभ कुठे टेकते त्या क्रमाने लावलेली. मग विचारलं, इंग्रजांचा टी यात कुठे बसतो? ट साठी जीभ वर वळते, त साठी दातांना टेकते, त्यांचा टी या दोहोंच्या मध्ये, हिरडीवर. आपल्याकडे त्या जागेला घर नाही, म्हणून आपण ट देऊन मोकळे होतो. नंतर प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी दिली आणि ती ओठांसमोर धरून पळ आणि फळ म्हणायला लावलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा फ आता दात ओठाला टेकवून येतो, तेव्हा सरांनी आधी ओठ मिटून काढायचा जुना फ घोटून घेतला. पळला पट्टी जागेवर, फळला उडते. मग त्यांनी मोबाइलवर इंग्रज माणसाचं बोलणं ऐकवलं आणि तसंच म्हणायला सांगितलं: पिन म्हणताना पट्टी उडते, स्पिन म्हणताना नाही. त्याच्या तोंडातही हे दोन वेगळे आवाज आहेत, पण त्याच्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून त्याला तो जाणवतही नाही. आपल्या भाषेत पळ आणि फळ हे दोन शब्द होतात. ज्याच्या फरकाने अर्थ बदलतो तो आवाज म्हणजे स्वनिम. स्वनिमाची व्याख्या मी परीक्षेसाठी पाठ केली होती. ती कागदाच्या पट्टीवर दिसली ती इथे. उलट बाजूने जग घ्या. दुनिया या अर्थाचं जग आणि ‘शंभर वर्षं जग’मधलं जग. लिहायला एक, म्हणायला दोन, आणि मराठी माणूस कधी गोंधळत नाही.

इतिहासाचा भाग सर नकाशा लावून सांगतात. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या इंग्लंडात आल्या, ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर उत्तरेच्या दर्यावर्दींची धाड पडली, १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली. हे कुठेही वाचायला मिळेल. वेगळं होतं ते पुढचं. उत्तरेचे लोक शेजारी म्हणून राहिले, शेती केली, लग्नं केली, म्हणून त्यांच्याकडून एग, स्काय आणि थेट दे, देम, देअर अशी सर्वनामं आली. नॉर्मन राज्यकर्ते म्हणून बसले, म्हणून त्यांच्याकडून कोर्ट, जज, पार्लमेंट आलं. इंग्लंडच्या न्यायालयात इंग्रजी बोलायला कायद्याने जागा मिळाली ती १३६२ मध्ये. मराठीत वकील, अर्ज, फिर्याद, हवालदार कुठून आले हे आठवा, रांग तीच. आणि बडोद्याचं तर काय सांगावं! इथे मराठी गायकवाडांबरोबर सत्तेची भाषा म्हणून आली आणि नंतर गुजरातीच्या शेजारी राहून गेली. आमच्या घरात ‘चल ने’, ‘बस ने’ म्हणतात, पुण्याची वहिनी त्यावर हसते. मला आता त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. शेजाऱ्याचा ने आमच्याकडे राहायला आला आहे. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला होता. भाषांच्या मिश्रणाचा अभ्यास करायला याहून चांगलं गाव कुठलं?

स्वरांच्या महाबदलाचा तास मात्र जरा जड गेला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर चढले. नेम पूर्वी नाम आणि शेवटी पुसटसा अ असा म्हणत, टाइम टीम, हाउस हूस, आणि माउस चक्क मूस, म्हणजे आपला मूषक. वर जायला जागाच नव्हती ते ई आणि ऊ फुटून आइ आणि आउ झाले. हे सगळं चालू असतानाच १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. मुद्दा पक्का आहे, पण सरांनी एका दमात सात स्वर सांगितले आणि मागची रांग सुटली. यासाठी दोन रविवार हवेत. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी लॅटिनच्या प्रेमाने विद्वानांनी मागून घातला, आयलंडमधला एस तर चुकीच्या समजुतीने घुसला, हे पाच मिनिटांत उरकलं. मुलांना सांगायला नेमकं हेच लागतं.

खरी तक्रार शेवटच्या दोन रविवारांची. बोली, समाज आणि भाषा, भारतातली इंग्रजी, हे सगळं घाईघाईत कोंबलं. आपण बोलतो ती इंग्रजी हा आपल्या सगळ्यांत जवळचा विषय, त्याला अर्धा तास. तेजगढची आदिवासी अकादमी आपल्या बाजूलाच, छोटा उदेपूर जिल्ह्यात; राठवा लोकांची भाषा तिथे जिवंत ऐकायला मिळते, तिचा नुसता उल्लेख झाला. सरांना मी हे तोंडावर सांगितलं. “ताई, पुढच्या वर्षी दहा रविवार करू,” म्हणाले. करावेतच. फी वाढवली तरी चालेल.

टिपणांच्या झेरॉक्स फिक्या आहेत, ध्वनींच्या खुणा वाचता येत नाहीत. आपल्या वहीत उतरवून घ्या. जिना उभा आहे आणि कठड्याला आधार कमी, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. बसायला सतरंजी, खुर्च्या मोजक्या, साडेआठला पोचलात तर मिळते. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, सूरसागरकडे लावून चालत या. प्रमाणपत्र मिळत नाही. फी रोख लागते, आणि निम्मी आधी दिली तरी सर काही म्हणत नाहीत. पुढच्या निरोपासाठी मी आमच्या शिकवणीवाल्यांच्या ग्रुपवर नजर ठेवून आहे. आला की तिथे टाकीन.