ऐतिहासिक स्थळांच्या सहली: कॅम्पग्राउंड निवडताना मी आता आधी सॉकेट बघतो

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर जुलैच्या भर दुपारी आमच्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, एसी बंद पडला. बाहेरच्या विजेच्या खोक्यातला प्लग ओढला तर निघेना. जोर लावून काढला, तेव्हा एका पात्याभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. ऑफिसातल्या बाईंनी ‘तुमचाच प्लग खराब असणार’ म्हणून हात झटकले आणि आरक्षणाच्या कागदावरची ‘स्वतःच्या जबाबदारीवर वापरा’ ही ओळ दाखवली. दुसरी साइट (ट्रेलर उभा करायची जागा) मागितली, तर जागा नाही. आई-बाबांना रात्री मोटेलमध्ये ठेवलं, त्याचे पैसे अर्थातच आमचे. नाव लिहीत नाही, कारण ती जागा टाळून दुसरीकडे गेलात तरी तसलाच खोका भेटू शकतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या तीन-चार घरांच्या गटाच्या गेटिसबर्ग, अँटिएटम, हार्पर्स फेरी, विल्यम्सबर्ग अशा सहली चालू असतात. आमचा जुना ट्रेलर, मेहुण्यांची भाड्याची मोटरहोम (आत राहता येईल अशी मोठी गाडी), बाकीचे केबिनमध्ये. हूकअप म्हणजे साइटवर मिळणारी वीज, पाणी, सीवरची जोडणी. सुरुवातीला आम्ही रणभूमीला सर्वांत जवळचं कॅम्पग्राउंड शोधायचो. गेटिसबर्गला त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकन यादवी युद्धातली १ ते ३ जुलै १८६३ची ती लढाई एवढ्या मुलखात पसरली होती की गाडीने फिरायचा मार्गच सुमारे २४ मैलांचा आहे. कुठेही उतरलात तरी गाडी काढावीच लागते, मग जवळ असण्याचे जादा डॉलर कशाला मोजायचे?

आता वीज. ३० अँपच्या साइटवर १२० व्होल्ट, म्हणजे ३६०० वॅट. ५० अँपच्या साइटवर १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या लाइनी येतात, प्रत्येकी ५० अँपच्या, म्हणजे १२,००० वॅट. आकड्यात वीसचाच फरक, पण वीज तिपटीहून जास्त. आमचा छतावरचा एसी एकटा १३-१४ अँप खातो. वहिनींची चहाची किटली १५०० वॅटची, म्हणजे साडेबारा. त्यात कुणी इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावली की ब्रेकर पडलाच. ‘चहा गॅसवरच’ असा नियम काढून पाहिला, सकाळी सहाला तो कुणाच्याही लक्षात राहत नाही.

ब्रेकर पडतो ते एक वेळ बरं. खरा घात झिजलेलं सॉकेट करतं. वर्षानुवर्षं प्लग घालून-काढून आतली पकड सैल होते आणि सैल जोड तापतो. दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की जुन्या वायरिंगवर व्होल्टेज उतरतं, व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, जोड आणखी तापतो. हे मी ऑफिसातल्या बाईंना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी तो कागद घडी घालून परत दिला.

म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न: ५० अँपची साइट आहे का? ट्रेलर ३० अँपचा असला तरी. मध्ये डॉगबोन अडॅप्टर लावायचा, म्हणजे ३० अँपचा प्लग ५० अँपच्या सॉकेटला जोडणारी आखूड वायर. ५० अँपचं सॉकेट मोठ्या गाड्याच वापरतात, त्यामुळे ते बहुधा कमी झिजलेलं असतं, आणि ट्रेलरचा स्वतःचा ३० अँपचा ब्रेकर राखणीला आहेच. रात्री आठ-दहा डॉलर जादा पडतात. मी पार्किंगचे दोन डॉलर वाचवायला अर्धा मैल चालणारा माणूस, पण हे मुकाट्याने भरतो. शिवाय ट्रेलरच्या आत पंधरा डॉलरचा व्होल्टमीटर लावलाय. काटा १०५च्या खाली गेला की एसी बंद आणि मंडळी झाडाखाली.

हे सगळं उन्हाळ्यापुरतं. ऑक्टोबरातल्या एका सहलीनंतर माझं मत बरंच बदललं. तेव्हा आम्ही मेरीलँडच्या कॅटॉक्टिन माउंटन पार्कमधल्या ओवेन्स क्रीक या सरकारी कॅम्पग्राउंडला उतरलो. हूकअप एकही नाही. दिवे बॅटरीवर, चहा गॅसवर, कारण पर्यायच नाही! एसी नको म्हटल्यावर तक्रारच उरली नाही. त्यात बाबांचा सीनियर पास. ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आजीवन पास ८० डॉलरला मिळतो आणि फेडरल (केंद्र सरकारच्या) कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी भाडं निम्मं होतं. खाजगीवाले त्याला विचारत नाहीत. कॅम्प डेव्हिड, म्हणजे अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं विश्रांतीस्थान, याच पार्कात आहे, पण ते लोकांना बंद. ‘नुसतं फाटक तरी बघू’ हा बाबांचा हट्ट पुरवता आला नाही.

जागा म्हणून हा मुक्काम मोक्याचा. एका बाजूला गेटिसबर्ग, दुसऱ्या बाजूला अँटिएटम, त्याच युद्धाची आणखी एक रणभूमी. तिथे १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्या दिवशी ज्याच्यासाठी तासन्‌तास लढाई झाली तो बर्नसाइड ब्रिज पाहून बाबा म्हणाले, ‘एवढ्याशा पुलापायी?’ गटासाठी मात्र ओवेन्स क्रीक अडचणीचं. मोठ्या गाड्या तिथे बसत नाहीत, त्यामुळे मेहुणे दुसरीकडे ५० अँपवर आणि जेवायला आमच्याकडे. शिवाय अशा ठिकाणी शेजारशेजारच्या साइट हव्या असतील तर बुकिंग उघडताक्षणी तात्काळच्या तिकिटासारखी झुंबड असते.

विल्यम्सबर्गला जाताना वेगळंच लचांड. दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी असेल तर बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून जाता येत नाही, आणि ट्रेलरवर तशी टाकी असतेच. बोगदे चुकवायला फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज हा पूल होता, तो २६ मार्च २०२४ला जहाजाच्या धडकेने कोसळला. आता ६९५ या रिंगरोडने शहराला पश्चिमेकडून वळसा. म्हणून पहिला मुक्काम मी हॅरिसबर्ग-गेटिसबर्गच्या बाजूने घेतो आणि बाल्टिमोर टाळतो.

स्विमिंग पूल, वायफाय, मुलांची ट्रॅक्टरफेरी यांचे तारे मी मोजत नाही. डम्प स्टेशनचे, म्हणजे ट्रेलरची सांडपाण्याची टाकी रिकामी करायच्या जागेचे, मोजतो. साइटवर सीवर नसेल आणि चेकआउट अकराचं असेल, तर रविवारी साडेदहाला तिथे रांग लागते आणि पुढचा माणूस निवांतपणे पाइप धूत बसतो. आम्ही नऊला टाकी रिकामी करून निघतो. मेहुण्यांना हे अजून मान्य नाही, त्यांना पोहे खाऊनच निघायचं असतं.