सैनिकी मूल्यांवरचा ऑनलाइन कोर्स: एका प्रकरणासाठी तरी घ्याच

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी शिकवते, म्हणून हा कोर्स शेवटपर्यंत पाहिला. शिस्त, कर्तव्य, निःस्वार्थ सेवा ही प्रकरणं ठीकठाक, व्याख्या पाठ करून घेतल्यासारखी. धैर्यावरचं प्रकरण मात्र अप्रतिम!

16 मार्च 1968, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्पसन या त्यांच्याच वैमानिकाने हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या माणसांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर बंदूक चालवा, असं साथीदारांना बजावलं. या कृत्यासाठी ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं ते थेट 1998 मध्ये. निष्ठा नेमकी कुणाशी, हा प्रश्न शिक्षक इथे घाईने मिटवत नाहीत, हे मला फार आवडलं.

युद्धकैद्यांना मात्र जेमतेम दोन वाक्यं, हे अजिबात पटलं नाही. 1949 चा तिसरा जिनिव्हा करार सबंध त्यांच्याबद्दलच आहे. पकडलेल्या सैनिकावर नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिकी क्रमांक एवढंच सांगण्याचं बंधन असतं. छळ तर नाहीच. भरती होण्याआधीच मुलांना हे ठाऊक हवं. पुढच्या आवृत्तीत यावर पूर्ण प्रकरण द्यावं, ही कळकळीची विनंती.