गुऱ्हाळावर शूटिंग करायचं तर कोणता वायरलेस माइक घ्यावा?

कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांचे आणि मळ्यांचे व्हिडिओ मी करते. त्यामुळे माइक पारखताना मी एकच बघते: घाणा चालू असताना गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचं, बोलणं नीट कळतं का? डीजेआयचे माइक २ आणि माइक मिनी, हॉलीलँडचा लार्क एम२, रोडचा वायरलेस प्रो यांतून निवडायचं तर माझं मत माइक २ला. का, ते सांगते.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात रेंज असते. माइक २ची २५० मीटर, लार्क एम२ची ३००, मिनीची ४००. पण हे आकडे मोकळ्या मैदानातले, मध्ये काही आडवं नसतानाचे. हे माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसाचं अंग म्हणजे पाणीच, आणि उभा ऊसही. गुळव्या काहिलीकडे वळला, त्याची पाठ कॅमेऱ्यावरच्या रिसीव्हरकडे आली की दहा-पंधरा पावलांवरही आवाज तुटू शकतो. तिथे ४०० मीटर काय कामाचे?

म्हणून माइकच्या आतच रेकॉर्डिंग होणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माइक २च्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे कपड्याला लावायच्या भागात, ८ जीबी जागा आहे, साधारण १४ तास मावतात. सिग्नल गेला तरी बोलणं आत जपलेलं असतं. मिनी आणि लार्क एम२मध्ये ही सोय नाही. आधण, म्हणजे काहिलीतला उकळता रस, उतरायची वेळ एकदाच येते. गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो, स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो आणि पुढच्याच क्षणी काहील उतरवायला जोरात हाळी देतो. ते पुन्हा करून दाखवा म्हणता येत नाही. या पुटपुटण्यासाठी आणि हाळीसाठी ३२-बिट फ्लोट (अगदी हळू आणि खूप मोठा आवाज दोन्ही टिपणारी रेकॉर्डिंगची पद्धत) कामी येतं, आवाज फाटला असं वाटलं तरी एडिटिंगला खाली आणता येतो. मात्र हा फायदा आतल्या फाइललाच, केबलने कॅमेऱ्यात जाणाऱ्या आवाजाला नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

वजनात मात्र माइक २ मागे पडतो. मिनी १० ग्रॅम, लार्क एम२ तर ९, शर्टाला लावलेले कळतही नाहीत. माइक २ २८ ग्रॅमचा. सुती पदराला लावला की पदर ओघळतो आणि माइकचं तोंड खाली जातं. शिवाय मंगळसूत्राचे मणी त्यावर घासतात, ती टकटक एडिटिंगमध्ये निघता निघत नाही. "मावशी, मंगळसूत्र जरा आत घेता का?" असं दर वेळी म्हणणं मला आवडत नाही. यावर उपाय त्याच माइकमध्ये आहे. त्याला ३.५ मिमीची पिन बसते. वायरचा छोटा माइक ब्लाऊजच्या काठाला आणि ट्रान्समीटर कमरेला. मिनीला ही पिन लावायची सोयच नाही.

नॉइज कॅन्सलिंग मी गुऱ्हाळावर बंदच ठेवते. घाण्याची घरघर कमी होते खरी, पण रसाची रटरटही जाते आणि माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. ती रटरट गेली तर गुऱ्हाळ दाखवायचं कशाला! माइकवर वाऱ्यासाठीची केसाळ टोपी मात्र कायम चढवलेली, कारण शेड चारी बाजूंनी उघडी असते आणि हंगाम थंडी-वाऱ्याचा.

रोड वायरलेस प्रो सोयींनी भारी आहे. ३२ जीबी, टाइमकोड (वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र आणि आवाज जुळवायची वेळेची खूण), सोबत दोन वायरचे माइक. दोन-तीन कॅमेऱ्यांवर माहितीपट करणाऱ्यांनी तोच घ्यावा. माझ्या एका कॅमेऱ्याला तेवढा खर्च परवडत नाही.

घरात बसून मोबाइलसमोर रेसिपी किंवा शिकवणीचे व्हिडिओ करत असाल तर माइक २वर जास्तीचे पैसे घालू नका. मिनी किंवा लार्क एम२ घ्या आणि उरलेल्या पैशांत खोलीला जाड पडदे लावा.