पोसेई : दूरच्या बेटांसाठीची युरोपची शेती योजना, विदर्भाच्या काट्यावर

पोसेई ही युरोपीय संघाची, मुख्य भूमीपासून फार लांब पडलेल्या प्रदेशांतल्या शेतीसाठीची योजना. शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांनी, बाजार समितीत बसणाऱ्यांनी आणि जिल्हा नियोजनाचे कागद हाताळणाऱ्यांनी ती एकदा बारकाईने पाहावी, म्हणून हे परीक्षण. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या योजनेचा जो भाग टनात मोजून चालतो तो फार चांगला आहे. जो जुन्या हक्कावर चालतो तिथे ती ढिली पडते.

युरोपीय संघाच्या कामकाजाच्या कराराच्या ३४९ व्या कलमात नऊ प्रदेशांची नावं आहेत : फ्रान्सचे ग्वादलूप, मार्टिनिक, फ्रेंच गयाना, रेयुनियों, मायोत आणि सें-मार्तां, पोर्तुगालचे अझोर्स आणि मादेरा, स्पेनची कॅनरी बेटं. फ्रेंच गयाना सोडली तर सगळी बेटं. लांब अंतर, चहूबाजूंनी समुद्र, लहान आकार, डोंगराळ जमीन, अवघड हवामान आणि दोन-चार पिकांवरच सगळा संसार, ही कारणं कलमातच लिहिलेली आहेत. आपल्या घटनेचं ३७१(२) कलम, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद, वाचलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. युरोपात मात्र ३४९ व्या कलमाच्या आधाराने शेतीचा वेगळा कायदा, वेगळी रक्कम आणि मालावरच्या जकातीत सवलत उभी राहिली. आपल्याला १९९४ मध्ये विकास मंडळ मिळालं आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली.

सुरुवात १९८९ मध्ये फ्रेंच प्रदेशांपासून झाली, १९९१ मध्ये पोर्तुगाल आणि स्पेनची बेटं आली, २००६ मध्ये शेतीचे सगळे तुकडे एका नियमात गोळा झाले. सध्या चालतो तो २०१३ चा २२८ क्रमांकाचा नियम. ग्रीसच्या एजियन समुद्रातल्या लहान बेटांसाठी त्याच वर्षीचा २२९ क्रमांकाचा वेगळा नियम आहे. क्रीट आणि एविया ही मोठी बेटं त्यात धरलेली नाहीत.

पैसा किती? २२८ व्या नियमात दरवर्षीची कमाल मर्यादा दिली आहे : फ्रेंच प्रदेशांना २७.८४१ कोटी युरो, अझोर्स-मादेराला मिळून १०.६२१ कोटी, कॅनरीला २६.८४२ कोटी. एकूण ६५ कोटी युरोच्या थोडं वर. एजियन बेटांना वेगळे २.३९३ कोटी. ही रक्कम दोन खिशांत जाते. पहिला खिसा बाहेरून येणारा गरजेचा माल स्वस्त करतो, दुसरा तिथल्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनाला आधार देतो. पहिल्या खिशाला वरची मर्यादा असते. २०१३ च्या मूळ नियमात ती कॅनरीसाठी ७.२७ कोटी, फ्रेंच प्रदेशांसाठी २.६९ कोटी आणि अझोर्स-मादेरासाठी २.१२ कोटी युरो होती.

आपल्या कामाचा आहे तो हा पहिला खिसा, म्हणजे खास पुरवठा व्यवस्था. ती कशी चालते ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी प्रत्येक प्रदेशासाठी वर्षाचा पुरवठा ताळेबंद मांडतात. माणसांच्या खाण्यासाठी, प्रक्रियेसाठी आणि शेतीची निविष्ठा म्हणून कोणती वस्तू किती टन लागेल, स्थानिक उत्पादन किती, बाकी किती बाहेरून आणावं लागेल. गहू, मका, पशुखाद्य, दूध पावडर असल्या वस्तू या यादीत असतात. नंतर तेवढ्याच टनांना सवलत मिळते. माल युरोपबाहेरून थेट आला तर आयात शुल्क माफ; युरोपच्याच मुख्य भूमीवरून आला तर टनामागे ठरावीक मदत. म्हणजे व्यापाऱ्याने माल युरोपातून आणला की बाहेरून, दोन्ही वाटा उघड्या राहतात.

सवलत हवी असलेल्या व्यापाऱ्याला किंवा कारखान्याला आधी नोंदणी करावी लागते. मग प्रमाणपत्र घ्यायचं : बाहेरच्या मालाला शुल्कमाफीचं, युरोपच्या मालाला मदतीचं. हे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्याकडे परवाना एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा ही गोष्ट कोणत्याही कृषी केंद्रात दिसते. ती वाट इथे कागदावरच बंद केली आहे. माल बंदरात उतरला की प्रमाणपत्रावरच्या टनांतून तेवढे वजा होतात. मागणी ताळेबंदापेक्षा जास्त आली तर सगळ्यांच्या अर्जांना एकाच प्रमाणात कात्री लावता येते.

आता खरी मेख. नियम म्हणतो, सवलतीचा फायदा शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत पोचलाच पाहिजे. शेवटचा कोण हेही ठरवून दिलं आहे : थेट खायच्या वस्तूत ग्राहक, पशुखाद्य आणि निविष्ठांत शेतकरी. अधिकाऱ्यांना व्यापाऱ्याचे भाव आणि नफा तपासायचा हक्क आहे, आणि फायदा मधेच जिरवला तर सवलत परत घेता येते, नोंदणीही थांबवता येते. हिशोब सोपा करून पाहू. समजा मक्याला टनामागे ६० युरो मदत आहे. ५० किलोच्या पोत्यामागे ३ युरो झाले. गाई पाळणाऱ्याने पोतं घेताना त्या ३ युरोंचा माग बिलावरून मागे मागे बंदरापर्यंत काढता आला पाहिजे. आपल्याकडे सरकीच्या ढेपेचा भाव चढला की कारण गिरणीत आहे, वाहतुकीत आहे की साठेबाजीत, हे गोपालकाला कोणत्याही कागदावरून कळत नाही. तुलना करायची तर इथे करावी.

तरी अडचण येतेच. बेटावर आयात करणारे मोजकेच असतात, आणि जागतिक बाजारात मक्याचा भाव रोज हलतो. टनामागचे ६० युरो शेतकऱ्याला मिळाले की भावाच्या चढउतारात विरले, हे सिद्ध करणं कठीण जातं. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने, म्हणजे संघाचा खर्च तपासणाऱ्या संस्थेने, २०१० च्या दहाव्या विशेष अहवालात या प्रदेशांच्या शेती उपायांची तपासणी केली, तेव्हा देखरेख आणि परिणामांची माहिती यांवरच बोट ठेवलं होतं. नियमात हक्क आहे, पण तो वापरायला आकडेवारी रोजची हवी.

दुसरी मेख मालाच्या गळतीची. सवलतीत आलेला माल बेटावरून पुन्हा मुख्य भूमीवर किंवा परदेशात पाठवायचा तर वाचवलेलं शुल्क किंवा घेतलेली मदत परत भरावी लागते. अशा मालापासून केलेले प्रक्रिया पदार्थ मात्र परंपरेने जेवढे बाहेर जात होते तेवढ्या मर्यादेत जाऊ शकतात, नाहीतर तिथल्या पिठाच्या आणि बिस्किटांच्या कारखान्यांना टाळं लागलं असतं. ही मर्यादा फार विचाराने घातलेली आहे.

विदर्भात बसून हे वाचताना कापूस आठवल्याशिवाय राहत नाही. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर मुदत वाढून ३१ डिसेंबरपर्यंत. यवतमाळ-वर्ध्याचा कापूस घरात यायचे आणि विकायचे हेच महिने. माफी द्यावी की नाही हा वेगळा वाद आहे. पण किती गाठींपर्यंत, कोणत्या गिरणीसाठी, आणि सुताचा भाव उतरला का, यातलं काहीच त्या माफीला बांधलेलं नव्हतं. पोसेईतली माफी टनात येते आणि टन संपले की संपते. आमच्या मते या योजनेतून उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच. संत्र्याचंही तसंच. बांगलादेशने २०२३ मध्ये संत्र्यावरचं शुल्क किलोमागे ८८ रुपयांवर नेलं तेव्हा वरूड-मोर्शीच्या आंबिया बहाराला त्याचा थेट फटका बसला, आणि तो सोसायला आधीपासून उभी असलेली कोणतीही व्यवस्था हाताशी नव्हती.

केळीच्या बाबतीत युरोपने तशी व्यवस्था उभी केली होती. २००९ च्या जिनिव्हा करारानंतर लॅटिन अमेरिकेच्या केळीवरचं शुल्क टनामागे १७६ युरोंवरून टप्प्याटप्प्याने ११४ वर आलं, आणि कोलंबिया, पेरू, मध्य अमेरिकेसोबतच्या करारांमुळे २०२० पासून ७५ युरोंवर. त्याआधीच, २००७ पासून, बेटांवरच्या केळी उत्पादकांची मदत पोसेईच्या दुसऱ्या खिशात टाकलेली होती : कॅनरीला वर्षाला १४.११ कोटी युरो, फ्रेंच प्रदेशांना १२.९१ कोटी. शुल्काची भिंत उतरत गेली तरी शेतकरी उघडा पडला नाही.

पण इथेच योजना ढिली पडते. कॅनरीच्या एकूण रकमेतली निम्म्याहून जास्त केळीकडे जाते. ती प्रत्येक उत्पादकाच्या जुन्या संदर्भ प्रमाणावर, म्हणजे पूर्वीच्या उत्पादनावरून ठरलेल्या टनांवर, वाटली जाते, सगळ्यांचं मिळून वर्षाला ४ लाख २० हजार टनांपर्यंत. ज्याच्याकडे जुना कोटा मोठा, त्याचा वाटा मोठा. नव्याने भाजीपाला किंवा शेळीपालन सुरू करणाऱ्याला उरलेल्यात भागवावं लागतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी फुटून केळीच्या बागा लाव्ह्याखाली गेल्या, तेव्हा जुन्या प्रमाणावर मदत मिळण्याची पद्धत नुकसान झालेल्यांच्या उपयोगी पडू शकते हेही दिसलं. आपत्तीत ती चांगली, चालू वर्षांत नव्या माणसाची वाट अडवणारी.

दोन खिसे एकमेकांना कापतात ही दुसरी मोठी उणीव. कॅनरीत सवलतीने आलेली दूध पावडर आणि चीज तिथल्याच शेळीच्या दुधाच्या चीजशी दुकानात भिडतात. एका हाताने पशुपालकाला मदत, दुसऱ्या हाताने त्याच्या स्पर्धकाचा माल स्वस्त. नियमाने यावर उपाय सांगितला आहे : पुरवठा ताळेबंद मांडताना स्थानिक उत्पादन आणि त्याची वाढ यांना धक्का लागू नये. मांडणाऱ्यांवर आयातदारांचं वजन जास्त असलं की हे कलम कागदावर राहतं. अझोर्समध्ये हा संघर्ष कमी जाणवतो, कारण तिथे बाहेरून येणाऱ्या धान्याचा मोठा भाग पशुखाद्यच आहे आणि ते खाऊन दूध देणाऱ्या गाई बेटावरच्याच आहेत. पुरवठ्याची सवलत आणि स्थानिक उत्पादन एकाच साखळीत असलं की योजना सर्वांत छान चालते.

स्थानिक उत्पादनाच्या मदतीत तपासणी किती? किमान ५ टक्के अर्जांची प्रत्यक्ष जागेवर. कमी वाटेल, पण नमुना असा काढावा लागतो की मदतीच्या रकमेचाही किमान ५ टक्के भाग त्यात यावा. म्हणजे फक्त छोट्यांचे अर्ज तपासून मोठ्यांना सोडता येत नाही. ई-पीक पाहणीच्या पडताळणीला हा नियम लावून पाहावा. ऊस आणि साखरेसाठी फ्रान्सला स्वतःच्या तिजोरीतून वर्षाला ९ कोटी युरोंपर्यंत जादा देण्याची मुभाही आहे. दर्जेदार स्थानिक मालासाठी या प्रदेशांचं एक सामाईक चिन्ह आहे, ते वापरायला उत्पादकाला अटी पाळाव्या लागतात.

एजियन बेटांचा नियम लहान आहे आणि आमच्या मते जास्त नेटका. पुरवठ्याची मदत मुख्यतः पशुखाद्य आणि पिठाला, तीही अंतरानुसार, लांबच्या बेटाला जास्त. उत्पादनाची मदत त्या-त्या बेटाच्या खऱ्या पिकाला : खिओसचा मस्तकी डिंक, पारंपरिक ऑलिव्हच्या बागा, मध.

गडचिरोलीसाठी शिकण्यासारखं आहे ते या एजियन नमुन्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुका बेटच होतो. रेशनचं धान्य पावसाळ्याआधी पोचवून ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच कागदावर पशुखाद्य, बियाणं आणि खत यांचा ताळेबंद मांडता येईल. रकाने सात पुरतील : वस्तू, जून ते सप्टेंबरची गरज क्विंटलमध्ये, तालुक्यातच मिळणारं, बाहेरून लागणारं, कुठून येणार, आलापल्लीपासून पुढची वाहतूक क्विंटलमागे किती, आणि शेवटचा वापरणारा कोण. मदत द्यायची ती फक्त सहाव्या रकान्यातल्या खर्चाला. दुकानदाराच्या बिलावर मदतीची ओळ वेगळी छापायची, म्हणजे कट्ट्यामागे किती कमी झालं ते घेणाऱ्याला तिथेच दिसेल. तोच माल पुन्हा अहेरीच्या बाजारात विकायला आला तर मदत वसूल. गरजेचा आकडा गेल्या वर्षीच्या विक्रीवरून काढू नका. रस्ता बंद असताना विक्री कमीच होते, आणि त्या आकड्यावर मांडलेला ताळेबंद दरवर्षी अपुराच पडतो. जनावरांची संख्या आणि पेऱ्याचं क्षेत्र यांवरून काढा.

योजनेच्या रकमा २०१३ पासून युरोच्या आकड्यात तशाच गोठलेल्या आहेत, महागाई मात्र थांबलेली नाही. १६ जुलै २०२५ रोजी युरोपीय आयोगाने २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात शेतीचा पैसा देशनिहाय एकत्र आराखड्यात घालायचा आहे. त्यामुळे पोसेईचा स्वतंत्र डबा राहणार का, यावर बेटांवरच्या संघटना अस्वस्थ आहेत. त्यांची अस्वस्थता रास्त आहे. मोठ्या पेटीत टाकलेला मागास भागाचा पैसा कुठे वळतो, हे अनुशेषाचे आकडे पाहिलेल्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही.

मूळ नियम वाचायचा असेल तर सगळा वाचत बसू नका. कलम ९ मध्ये पुरवठा ताळेबंद आहे, १३ मध्ये फायदा शेवटपर्यंत पोचवण्याची अट, १४ मध्ये माल परत बाहेर जाण्याचे नियम आणि ३० मध्ये पैसा. या चारांनंतर अंमलबजावणीचा २०१४ चा १८० क्रमांकाचा नियम घ्या. प्रमाणपत्रं, कात्री आणि तपासणीची टक्केवारी सगळी त्यात आहे.