अकरा ग्रॅमचा खटका : लेकीच्या क्रिबचा दहा महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री पावणेतीनला ‘कट्’ असा आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. पाठोपाठ लाकूड घासल्याचा आवाज. दिवा लावला तर चिऊ (लेकीचं घरातलं नाव) क्रिबमध्ये, म्हणजे तिच्या कठड्याच्या पलंगात, उभी, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि तो कठडा डावीकडून चार बोटं खाली कललेला. पडली नाही, लागलं नाही, रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघून हसली. मी मात्र सकाळपर्यंत जागा.

मोडला होता तो सरकत्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या, बाजूला वर अडकवून ठेवणारा प्लॅस्टिकचा खटका. दुसऱ्या दिवशी तो खिशात घालून कामावर नेला. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे सुटे भाग तपासणं हेच दिवसभराचं काम. वजन केलं : अकरा ग्रॅम. साडेतेरा हजारांची क्रिब, तीस किलोचं लाकूड, आणि आमच्या पोरीचा सगळा भार ह्या अकरा ग्रॅमवर. जीभ जिथे बुडाला मिळते तो कोपरा काटकोनात, धारदार. रेडियस, म्हणजे गोलाई, नाहीच. आमच्याकडे असा पार्ट आला असता तर पहिल्याच तपासणीत परत गेला असता. ताण त्याच कोपऱ्यात साठतो आणि रोज वर-खाली करून एक दिवस तिथेच तडा जातो. हे मी क्रिब घेताना बघितलं नाही. स्वतःच्या पोरीसाठी वस्तू घेताना व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घरी ठेवला, याचं अजून वाईट वाटतं.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, पैशांचा थोडा वाद अजून बाकी आहे. पाईनची, सरकत्या बाजूची, गादीचे तीन टप्पे, चार चाकं, खाली खण. ह्या वर्णनाच्या निम्म्या क्रिब एकसारख्याच दिसतात, त्यामुळे नाव कळून फारसा उपयोगही नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण पहिल्या महिन्यात मीच पाच तारे दिले होते आणि ते खोटे नव्हते. चिऊचा जन्म सिन्नरला, हिच्या माहेरी. तिकडे ती बारशाच्या पाळण्यात आणि दुपारी साडीच्या झोळीत झोपायची. अडीच महिन्यांची होऊन जुलैत नाशिकला आली तेव्हा क्रिब लावून तयार होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं : बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर. क्रिब आमच्या पलंगाला खेटून बसली. रात्री दूध पाजायला हिला फक्त हात लांबवावा लागे.

गजांमधली अंतरं मी नंतर सगळी मोजली. ५६ ते ५८ मिलिमीटर. अमेरिकेतल्या नियमात कमाल मर्यादा २ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे साधारण ६० मिलिमीटर आहे. त्याहून जास्त फट असली तर बाळाचं अंग पायाकडून बाहेर सरकतं आणि डोकं आत अडकतं. इथे क्रिब पास. मी मुद्दाम नापास करायला बसलो नव्हतो.

‘फ्री कॉम्बो’ म्हणून आलेल्या सामानाबद्दल मात्र आधीच बोललो असतो तर बरं झालं असतं. कडेने बांधायच्या मऊ गाद्या, एक लोड, एक उशी, एक जाडजूड रजई. दिसायला सुंदर, बारशाच्या फोटोत शोभेल असं. बाळाच्या तोंडाजवळ ह्यातलं काहीच नको असतं, कारण तोंड दाबलं गेलं तर इतक्या लहान बाळाला मान फिरवून बाजूला होता येत नाही. कडेच्या जाड गाद्यांची विक्री तर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्यानेच बंद केली. आमच्याकडे तो अख्खा कॉम्बो माळ्यावर गेला. आईची मोहरीची उशी जायला जास्त दिवस लागले.

“डोकं चपटं होईल पोरीचं. तुझं गोल आहे ते कशामुळे?”

“आई, डॉक्टर नको म्हणालेत.”

“डॉक्टरांना त्यांच्या आईने उशीवरच झोपवलं असेल.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह असा झाला की चिऊ जागी असताना, आपण समोर बसलेलो असताना तिला दिवसातून चार-पाच वेळा पालथं घालायचं, म्हणजे डोक्यावर एकाच जागी दाब राहत नाही. आईने ते काम इतकं मनावर घेतलं की उशी आपोआप विसरली गेली. मोहरी फोडणीला वापरली.

आता मूळ मुद्दा. ऑगस्टमध्ये सरकती बाजू अडकायला लागली. नाशिकच्या पावसाळ्यात आमच्या घरातली दारंही फुगतात, पाईन फुगलं यात नवल नाही. एका रविवारी मी कठड्याच्या कडेला पॉलिश पेपर मारला, खाचेत मेणबत्ती घासली. बाजू लोण्यासारखी सरकायला लागली. मी खूश, ही खूश. मग डिसेंबर आला. निफाडचा पारा उतरला की आमच्या इंदिरानगरातही हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. लाकूड आकसलं. कठडा खाचेत डुगडुगायला लागला. मला तो आवाज ऐकू येत होता, पण ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं. मोडल्यावर उरलेल्या चांगल्या बाजूने मोजलं : खटक्याची जीभ खांबात पाच मिलिमीटर जाणं अपेक्षित, डुगडुगीत तीन गेलेले, म्हणजे पोरगी दोन मिलिमीटरवर उभी होती.

त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो तेव्हा कळलं की अशी सरकत्या बाजूची क्रिब अमेरिकेत २८ जून २०११ पासून बनवायला आणि विकायला बंदी आहे. कारण नेमकं हेच : खटके मोडतात, बाजू एका कोपऱ्यातून निसटते, गादी आणि कठड्यात फट पडते आणि बाळ त्यात अडकतं. २००० सालापासूनचे किमान ३२ मृत्यू तिथल्या सरकारी यंत्रणेने ह्याच्याशी जोडले होते. वाचून झाल्यावर उठून चिऊला बघून आलो. ती तेव्हा हिच्याजवळ जमिनीवरच्या गादीवर झोपली होती. जिथे बंद होऊन इतकी वर्षं झाली, ती वस्तू मी सेलमध्ये घेतली, वर ‘डील’ मिळाली म्हणून ऑफिसात पेढेसुद्धा दिले होते. (पेढे चिऊसाठी होते. पण ‘डील’चा उल्लेख मी केला होता.)

कस्टमर केअर. पहिला फोन हिंदीत.

“सर, बेबी का वेट कितना है?”

“आठ किलो दोनशे ग्रॅम.”

“सर, प्रॉडक्ट पंद्रह किलो तक टेस्टेड है.”

मग मोडला कसा, यावर ‘टिकट रेझ’ झालं. दुसऱ्या फोनला नवीन खटका पाठवतो म्हणाले, तोच, त्याच धारदार कोपऱ्याचा. तिसऱ्या फोनला फोटो मागितले, आणि फोटो बघून म्हणाले की कडेला घासल्याच्या खुणा आहेत, ग्राहकाने बदल केलाय, वॉरंटी संपली. चौथ्या वेळी चारशे रुपयांचं कूपन. मी विचारलं, ह्या कुपनात येतं काय? म्हणाले, बेबी पिलो.

मग ईमेल लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. खटक्याचा मोठा करून काढलेला फोटो, कोपऱ्यावर लाल गोल, मोजमापांचा तक्ता, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या उत्पादन दायित्वाचा (सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचा) उल्लेख. दुसऱ्या दिवशी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे मराठीत बोलतात. अकराव्या दिवशी पैसे परत आले. सामान घेऊन जायला मात्र अजून कोणी आलेलं नाही. ती क्रिब गॅलरीत उभी आहे आणि तिच्यावर लंगोट वाळतात.

इथवर लिहून ठेवलं होतं. हिने वाचलं आणि दोन गोष्टी सांगितल्या, त्या टाकल्या नाहीत तर घरात जेवण मिळणार नाही.

पहिली : सरकती बाजू निरुपयोगी म्हणू नकोस. सिझेरियननंतर कितीतरी महिने तिला वाकता येत नव्हतं. बाजू खाली करून बाळ उचलणं हा तिच्यासाठी आरामच होता, आणि दिवसातून आठ-दहा वेळा ते ती करत होती, मी नाही. बरोबर आहे. म्हणजे गरज खरी आहे, उत्तर चुकीचं आहे. दुसरी : ऑगस्टमध्ये कड घासलीस तू. हेही बरोबर. तीन मिलिमीटरच्या डुगडुगीतला एक तरी माझ्या पॉलिश पेपरचा आहे. क्रिबवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पाऊस-थंडीत लाकूड फुगणार-आकसणार हे नाशिकमध्ये विकणाऱ्याला माहीत नको? आणि एक मिलिमीटर कमी झाल्याने जो खटका जीव सोडतो, तो बाळाच्या वस्तूत कशाला लावायचा? एक तारा देणार होतो, हिच्यासाठी दोन केले.

आता सध्याची क्रिब. पंचवटीतल्या एका मिस्त्रीकडून सागवानात करून घेतली, गादी सोडून साडेनऊ हजार. चारही बाजू पक्क्या, काही सरकत नाही, काही दुमडत नाही, चाकं नाहीत. मिस्त्रीला मी व्हर्नियर घेऊनच गेलो. त्यांच्या सवयीने गज साडेतीन इंचांवर येतात. मी ५५ मिलिमीटर म्हणालो तर म्हणाले, “साहेब, पोरगी ठेवायचीय का तांदूळ चाळायचेत?” नंतर त्यांनीच ५५ चा एक लाकडी ठोकळा कापला आणि प्रत्येक फटीत घालून बघितला. गेज कशाला म्हणतात हे मला त्यांना शिकवायची गरज नव्हती.

दोन ठिकाणी वाद झाला. चार कोपऱ्यांना त्यांना कळस काढायचे होते, “नाहीतर देखणं दिसत नाही.” मी नको म्हणालो, कारण उभ्या राहिलेल्या बाळाचं झबलं किंवा गळ्यातली दोरी अशा उंचवट्यात अडकते. कोपरे कठड्याच्या पातळीत सपाट केले. दुसरा वाद पॉलिशचा. त्यांना चकाचक करायचं होतं. दात येणारं पोर कठडा चावतंच, म्हणून वरची दांडी फक्त बारीक घासून मेण लावून ठेवली, रंग कुठेच नाही. (रंग द्यायचाच असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. घरगुती रंगात नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, पण दुकानाच्या मागच्या फळीवरचा जुना डबा कधीचा असेल सांगता येत नाही.) जोड बोल्टचे, रविवार कारंजावरून आणलेल्या एम-सिक्सच्या (सहा मिलिमीटरच्या) लॉक नटसह. दर पहिल्या रविवारी किल्ली फिरवून बघतो. तीन महिन्यांत एकही ढिला झालेला नाही.

गादी काथ्याची, मापात कापून घेतलेली, वर घट्ट शिवलेली खोळ. कडेला दोन बोटं जाणार नाहीत इतकी चपखल. हाताने दाबली तर खड्डा राहत नाही. आई म्हणाली, “पाट बरा यापेक्षा.” गादी आता सगळ्यात खालच्या टप्प्यावर आहे, फळीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत २६ इंचांपेक्षा थोडं जास्त. चिऊची उंची ३५ इंच झाली की ही क्रिब बंद करायची, असं दारामागे पेन्सिलने लिहून ठेवलंय.

तोटा सांगायलाच हवा. आईची उंची चार फूट दहा. पक्क्या कठड्यावरून खाली वाकून एवढी पोर उचलणं तिला जमेना. मिस्त्रीने उरलेल्या सागाचा एक रुंद पाट करून दिला, खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकून. आई त्यावर चढून नात उचलते आणि उतरताना दर वेळी म्हणते, “ती पहिलीच बरी होती.” हिला आता वाकता येतं, त्यामुळे तिचं मत अजून जाहीर झालेलं नाही. आणि हलवायला ही क्रिब म्हणजे दोन माणसांचं काम. फरशी पुसताना बायका कुरकुरतात.

चिऊने वरच्या दांडीवर डावीकडे चार दातांच्या खुणा केल्यात. परवा तिथे मोजलं, अर्धा मिलिमीटर खोल.

राहिलेला वाद ४९९ रुपयांचा आहे. जोडणीसाठी माणूस पाठवला त्याचे पैसे परत मिळत नाहीत, असं क्रिबवाले म्हणतात. माझं म्हणणं, त्याने जे जोडलं तेच मोडलं. तक्रार क्रमांक जपून ठेवलाय, सोमवारी परत फोन करणार आहे.