बारा व्होल्टचा फ्रीज: यंत्र उत्तम, प्लग भिकार

कॉम्प्रेसरवर चालणारा ३५ लिटरचा फ्रीज गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या फोर-बाय-फोर गाडीच्या डिकीत आहे. त्याचे वजन, मापे आणि तो किती थंड होतो ही माहिती खोक्यावर छापलेली असते, त्यामुळे ती इथे देत नाही. वॉरंटी चालू असतानाच सर्व्हिस सेंटरची पायरी दोनदा चढावी लागली आणि दुसऱ्या खेपेला साडेसहा हजारांचा खर्च सांगण्यात आला, म्हणून हे लिहायला घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या भागाबद्दल आहे तो भाग बहुतेक कंपन्या तसाच देतात. तो भाग म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा प्लग.

सुरुवातीचे काही महिने फ्रीजने तक्रारीला जागाच ठेवली नाही. मे महिन्यात मालवणहून आणलेली सुरमई घरी पोहोचली तेव्हा ताजी होती, आणि पूर्वी बर्फाच्या डब्यात वितळलेल्या पाण्यात पोहणाऱ्या माशांचा जो वास डिकीला आठवडाभर येत असे, तो या वेळी आला नाही. पुढे हिमाचलमधल्या स्पितीला जाताना ग्रामफू ते बातल या दगडधोंड्यांच्या पट्ट्यात मात्र फ्रीज वारंवार बंद पडू लागला आणि पडद्यावर ‘एफ१’ ही खूण दिसू लागली. या फ्रीजच्या पुस्तिकेनुसार तिचा अर्थ कमी व्होल्टेज असा आहे. इंजिन चालू होते, म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीजजनक, बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास पुरवठा करत होता. तरीही फ्रीजला मात्र व्होल्टेज अपुरे वाटत होते.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने तो ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. महिनाभरात तीच रड पुन्हा सुरू झाली. या वेळी कंट्रोल कार्ड (फ्रीज चालवणारी सर्किटची पाटी) गेल्याचे निदान झाले आणि खडबडीत रस्त्यावरचा वापर हा गैरवापर असल्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही, असे ऐकवण्यात आले. ज्या वस्तूच्या जाहिरातीत ती नदीपात्रात उभ्या असलेल्या जीपमध्ये दाखवली जाते, तिच्या बाबतीत हा युक्तिवाद करायला विशेष धाडस लागते. कार्ड खरोखरच गेले असते तर घरच्या अ‍ॅडॅप्टरवर तोच फ्रीज रात्रभर बिनतक्रार कसा चालला, या प्रश्नाला काउंटरवर उत्तर मिळाले नाही. मी फ्रीज उचलला आणि मल्टिमीटर घेऊन डिकीत बसलो.

इंजिन बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट होते. डिकीतल्या सॉकेटपाशी, कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी, तेच ११ वर आले. दीड व्होल्ट वाटेतच जिरत होते. पाच अँपिअरच्या प्रवाहाला दीड व्होल्टची घट म्हणजे साडेसात वॅट उष्णता, आणि तिच्यातला निम्मा वाटा जरी प्लगच्या टोकाशी पडला, तरी तेवढ्याशा प्लास्टिकला तो पुरेसा आहे. प्लग उघडून पाहिला तेव्हा तेच दिसले. टोकाची पितळी पिन एका बारीक स्प्रिंगवर टेकलेली असते आणि तिच्यामागे काचेचा फ्यूज असतो. पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडले होते, पिन तिरकी झाली होती, स्प्रिंगचा ताण गेला होता आणि टोकाची फिरकीची टोपी हादऱ्यांनी अर्धी सैल झाली होती. बाजूच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या सॉकेटला जेमतेम टेकत होत्या. हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यापुरते काही सेकंद वापरायचे म्हणून जन्माला आले. त्यावर रात्रंदिवस चालणारे यंत्र लावायचे आणि वर ते खडकाळ रस्त्यावर न्यायचे, ही कल्पना कोणाला सुचली असेल?

यावरचा उपाय आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने एका दुपारीत केला. बॅटरीपासून डिकीपर्यंत ६ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसवला, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वायर रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणाऱ्या रबरी कड्यातून नेली आणि दोन्ही टोकांना थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक) नीट दाबून बसवले. फ्रीजच्या बाजूला ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, म्हणजे जास्त प्रवाहासाठीचा जोड, लावला. त्याच्या सपाट पट्ट्या एकमेकींवर दाबून बसतात आणि हादऱ्याने सुटत नाहीत. फ्यूज डिकीच्या टोकाला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर अशा फ्यूजचा काहीच उपयोग होत नाही. सामान आणि मजुरी मिळून खर्च दीड हजारांच्या आत आला. आता कॉम्प्रेसर सुरू होताना डिकीत १२.३ व्होल्ट मिळतात आणि एफ१ पुन्हा दिसलेला नाही. कार्ड अर्थातच जुनेच आहे.

यानंतर फ्रीजच्या एका सेटिंगबद्दलचे माझे मत बदलले. बॅटरी किती उतरली की फ्रीजने बंद व्हायचे, हे ठरवणाऱ्या ‘लो, मीडियम, हाय’ या पायऱ्या मला निरुपयोगी वाटत असत, कारण सॉकेटच्या मूळ बारीक वायरीवर फ्रीज कोणत्याही पायरीवर वेळेआधीच बंद पडत असे. जाड वायरीवर त्याला बॅटरीचे खरे व्होल्टेज कळते, त्यामुळे ‘लो’वर ठेवल्यास तो बॅटरी इतकी पिळून काढू शकतो की सकाळी स्टार्टर फिरणार नाही. गाडीच्या एकुलत्या एक बॅटरीवर चालवणाऱ्यांनी ‘हाय’च ठेवावे. कॉम्प्रेसर ४५ वॅटचा आणि तो एकतृतीयांश वेळ चालतो असे धरले, तर दिवसाला सुमारे ३० अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजण्याचे एकक) लागतात; कोकणातल्या मे महिन्यात हाच आकडा ४५ पर्यंत जातो. सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, त्यामुळे एक रात्र निभते, पण दोन रात्री गाडी हलवायची नसेल तर वेगळी बॅटरी हवीच. पॉवर स्टेशनच्या, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या तयार बॅटरी-संचाच्या, किमती पाहून मी अजून तिकडे वळलेलो नाही.

घरून निघण्याच्या आदल्या रात्री अ‍ॅडॅप्टरवर फ्रीज आणि आतले सामान दोन्ही गार करून घेतले, तर पहिल्या दिवशीचा भार बराच हलका होतो. बाजूच्या जाळ्यांना सतरंज्या आणि तंबूच्या पिशव्या टेकवू नयेत, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. स्पितीत रात्री दूध तंबूबाहेर ठेवले तरी गार राहते, म्हणून पुढच्या वेळी तिकडे फ्रीज नेणार नाही आणि ती जागा पाण्याच्या कॅनना देईन. कोकणासाठी मात्र तो डिकीतच राहील. झाकणाच्या रबराला एका कोपऱ्यात किंचित फट पडली आहे; वॉरंटीचे दोन महिने उरले आहेत आणि त्या रबरासाठी सर्व्हिस सेंटरला पत्र लिहून झाले आहे.